लाल डोळ्यांवरचा रामबाण फिल्टर

"आलोशियस अंकल, अजून हाताने डोळे काळे करता? कुठल्या जमान्यात आहात!"

हर्षवर्धनने हे वाक्य आलोशियसच्या माणिकपूरच्या फोटो स्टुडिओत अशा आवाजात फेकलं, की पासपोर्ट फोटोसाठी ताठ बसलेलं गिऱ्हाईक हललं! हर्षवर्धन अंधेरीच्या कंपनीत प्रोग्रामर होता आणि भेटल्यापासून दुसऱ्या मिनिटाला हे समोरच्याला कळलंच पाहिजे, अशी त्याची व्यवस्था असे. साल दोन हजार सहा. आलोशियसने नुकताच रोलचा कॅमेरा सोडून डिजिटल घेतला होता. फ्लॅश मारला की फोटोत माणसांचे डोळे लालभडक यायचे, आणि बिचारा माऊस धरून एकेक बुबुळ काळं करत बसायचा.

आत्ता त्याच्या पुढ्यात भुईगावच्या फर्डिनंड आणि क्लेमेंटीन यांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाचे दोनशे बारा फोटो होते.

"क्लेमेंटीनची बहीण रोझमेरी रविवारी कॅनडाला परत चालली," आलोशियस म्हणाला. "सहाही बहिणी वीस वर्षांनी एका फोटोत आल्यात, बाबा. अल्बम तिच्या हातात पडायलाच पाहिजे."

"आज बुधवार ना? उद्या घ्या!"

"उद्या? कसं काय?"

"ग्राफिक्सचं फ्रेमवर्क असतं, अंकल. त्यात आपण स्वतःचा फिल्टर लिहायचा. फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न, तू लाल आहेस का? असशील तर हो काळा!"

"पण डोळा कुठला, ते त्याला कसं कळणार?"

"ते टेक्निकल आहे. तुम्ही सोडा."

ते टेक्निकल नव्हतंच. डोळा शोधायचा भाग हर्षवर्धनने लिहिलाच नव्हता. बायकोच्या, म्हणजे स्वप्नाच्या, वाढदिवसाच्या फोटोंवर फिल्टर अगदी झकास चालला होता. स्वप्नाने त्या दिवशी निळा ड्रेस घातला होता, हा योगायोग त्याच्या खिजगणतीत नव्हता.

सात मिनिटांत दोनशे बारा फोटो! पाहिला फक्त पहिला. त्यात पांढऱ्या झग्यातले फादर हसत होते, डोळे काळेभोर. हर्षवर्धनने स्वतःचीच पाठ थोपटली आणि फोटो तसेच लॅबला धाडले. मूळ फोटोंवरच नवे सेव्ह केले होते, कारण जास्तीची कॉपी भित्री माणसं ठेवतात! कॅमेऱ्यातलं कार्ड आलोशियसने एका बारशासाठी आधीच रिकामं केलं होतं.

शुक्रवारी लॅबमधून अल्बम आला आणि तो न उघडताच दोघे भुईगावला गेले. आपलं कौतुक ऐकायला हर्षवर्धनने खास रजा टाकली होती.

आता भुईगावच्या जुन्या बायका सणासमारंभाला काय नेसतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लाल लुगडं! क्लेमेंटीनने तर सहाही बहिणींसाठी एकाच ठाणातली लुगडी घेतली होती. शिवाय मांडवाची झालर लाल, गुलाब लाल, वाईन लाल.

अल्बम उघडला. सहा बहिणी डोक्यापासून पायापर्यंत काळ्या. काळ्या झालरीखाली, काळे गुलाब हातात घेऊन उभ्या. मध्ये फर्डिनंड खुर्चीत, डोळे मिटलेले.

क्लेमेंटीनने छातीवर क्रुसाची खूण केली. "आलोशियस, ही मयत कोणाची रे?"

"माझीच दिसते!" फर्डिनंडने चष्मा पुसून पान उलटलं. "पन बघ, लोकं किती आलीत! आनि हा जावई बघ, माझ्या मयतीला दात काढून हसतो!"

जावई उठून बाहेर गेला. रोझमेरीला रडू फुटलं. "हे मी कॅनडाला नेऊ? पोरं विचारतील, काका कधी गेले!"

"मावशी, एक मिनिट!" हर्षवर्धनने लॅपटॉप काढला. "उलटा फिल्टर लावतो. काळ्याचं लाल!"

लावला. लुगडी लाल झाली खरी, पण फर्डिनंडच्या कलप लावलेल्या मिशाही लाल झाल्या, बँडवाल्यांचे कोट लाल झाले आणि सहाही बहिणींच्या डोळ्यांत पुन्हा अंगार पेटला!

"झाकन लाव त्याला," क्लेमेंटीन म्हणाली. तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं होतं, पण नजर हर्षवर्धनवर होती.

शनिवारी संध्याकाळी, रोझरीच्या प्रार्थनेनंतर, सहाही बहिणी पुन्हा लुगडी नेसल्या. फर्डिनंडला पुन्हा कोटात कोंबलं. केक पुन्हा आणला, हर्षवर्धनच्या खर्चाने. क्लेमेंटीनचा राग तोवर उतरला होता. "तूपन मागे उभा रा रे," म्हणून तिने त्यालाही फोटोत ओढलं. आलोशियसने फ्लॅश मारला आणि स्टुडिओत जाऊन मुकाट्याने माऊस हातात घेतला.

रविवारी सकाळी रोझमेरी रातोरात छापलेला छोटा अल्बम छातीशी धरून गाडीत बसली. एक फोटो हर्षवर्धनलाही मिळाला. लुगडी लालचुटूक, सगळ्यांचे डोळे काळेभोर. फक्त मागच्या रांगेत एका चेहऱ्यावर दोन लाल दिवे पेटले होते. त्याचा स्वतःचा चेहरा!

"अंकल, माझे राहिले की!"

"राहिले नाहीत, ठेवले," आलोशियस म्हणाला. "तुझ्याकडे फिल्टर आहे ना?"