बदाम सोडून बाकी सगळं

इझिकेल नागावकरची एकच बढाई असे : डोळे बांधून बागेत सोडा, नुसतं पान चाचपून झाडाचं नाव सांगतो. कोकणातून इस्रायलला आल्यावर येरुहामच्या वाळवंटात ही विद्या दाखवायला झाडंच फारशी नव्हती, ही गोष्ट निराळी. तरी तिच्याच जोरावर तो नगरपालिकेच्या बागखात्यात चिकटला होता. नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की झाली तर एलियाहू हन्नावी या पैगंबराच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस त्याची बायको नओमी बोलली होती.

एक दिवस मुकादम अमनोन म्हणाला, "गावाबाहेरच्या तुकड्यात बदाम तेवढे ठेवायचे. बाकी जे असेल त्यावर लाल फुली मार, उद्या करवतवाले येतील. हे नीट केलंस तर तुझ्या नोकरीचं बघतो."

"अहो, कुणाला तरी विचारून घ्या," तो वाटेत घरी डोकावला तेव्हा नओमी म्हणाली. "इथली झाडं वेगळी."

"बदाम काय विचारायचा? नागावला दारातच होता आपल्या. पान एवढं, की भात वाढून घ्यावा."

तुकड्यात पोचल्यावर मात्र इझिकेल चक्रावला. पहिल्या झाडाची पानं बोटाएवढी, साल काळी, भेगाळलेली. फळ हिरवं आणि त्यावर चक्क लव! बदामाला लव असते होय? मारली फुली. दुसरं झाड तसंच, तिसरंही तसंच. दुपारपर्यंत रंगाचा डबा संपत आला, पण बदाम काही सापडेना. अमनोनची चूक झाली की आपण चुकीच्या तुकड्यात आलो, तेही कळेना.

शेवटी फुटक्या नळाजवळ एक झाड दिसलं. पान वीतभर, जाड. इझिकेलचा जीव भांड्यात पडला. फळ जरा गोल होतं, पण परमुलखात फळ तरी किती आकार सांभाळणार? त्याने भोवती दगड रचले आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्याला घातलं.

सकाळी करवत खोडाला लागणार तोच अमनोन धावत आला.

"सगळ्या बदामांवर फुल्या? आणि तो पिवळ्या आंबटगोड फळांचा शेसेक ठेवलास? त्याच्या मुळांनीच नळ फोडलाय, तोच तर काढायचा होता!"

"हे बदाम नव्हेत," इझिकेल ठामपणे म्हणाला. "बदामाची पानं मी बघितलीयेत."

अमनोनने खाली वाकून गेल्या साली गळलेलं एक वाळकं फळ उचललं, दगडाने फोडलं आणि आतला गर त्याच्या तळहातावर ठेवला. तो दुकानातला बदाम होता; नागावच्या दारातला मोठ्या पानांचा बदाम निराळाच. वर पानं बघण्याच्या नादात इझिकेलचं खाली बघायचंच राहिलं होतं. आता नोकरी गेली, नवसही गेला, असं वाटून त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

पण नोकरी पक्की झाली. कब्रस्तानाच्या झाडलोटीला माणूस टिकत नव्हता, तिथे इझिकेलला नेमलं; तिथे एकही झाड नव्हतं, ही अमनोनच्या मते सोयच होती.

मलिद्याला सगळी आळी जमली. नओमीने पोह्यांवर बदाम लावले होते. झाडाचं फळ खाण्याआधीची ब्राखा, म्हणजे आभाराची प्रार्थना, म्हणायला इझिकेलने एक उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "अगं, हा नक्की झाडालाच येतो ना?"

"तुम्ही ब्राखा म्हणा," नओमी म्हणाली. "मी दुकानदाराला विचारून आणलाय."