गालिच्याला भोक नव्हतं

“या गालिच्यावर आजतागायत एक थेंब सांडलेला नाही,” असं अण्णा पाहुण्यांना सांगत होते, आणि ‘एक थेंब’ या शब्दांना वजन यावं म्हणून त्यांनी हात उंचावला. त्या हातात कॉफीचा कप होता.

थेंब एक नव्हता. पाहुण्यांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. माई फडकं घेऊन धावल्या, लेक “घासू नका, नुसतं दाबा” म्हणत त्यांच्यामागून आली आणि अण्णा रिकामा कप हातात धरून उभे राहिले. कप ठेवायला टीपॉय होता, पण तो हाताच्या पल्ल्याबाहेर, बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेवर मधोमध उभा होता. पाहुणे आले की तो नेहमी तिथेच असे.

गालिचा अण्णांच्या वडिलांचा. थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, तो मनापासून हवा होता. वडिलांनी तो अण्णांना दिला. अक्कांनी कुरकुर केली नाही. फक्त एक वाक्य बोलल्या, “ज्या दिवशी सांभाळता येणार नाही, त्या दिवशी गुंडाळून माझ्याकडे पाठव.” नंतरच्या प्रत्येक मुक्कामात निरोप घेताना, चपला घालता घालता, त्या हेच वाक्य पुन्हा म्हणत. अण्णांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा अभिमान बाळगून पाहिला होता. टिकला तो गालिच्याचा. त्याच्या रंगावर तर ते विशेष बोलत. “हा मधाचा रंग बघा. असा रंग आता होत नाही.” लेक एका प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करायची. तिने एकदा रंग आणि धूळ यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. अण्णांनी तिला, जे यंत्राने मोजता येत नाही तेही जगात असतं, असं ऐकवलं होतं.

आणि गालिच्याला एक भोक होतं.

कॉलरला इस्त्री कशी करतात हे माईंना एकदाच नीट दाखवून द्यावं, या हेतूने अण्णांनी फार वर्षांपूर्वी जमिनीवर बसून स्वतः इस्त्री हातात घेतली होती. कॉलर उत्तम झाली. इस्त्री मात्र बोलण्याच्या भरात गालिच्यावर टेकली ती टेकलीच. भोक तळहाताएवढं, आणि नेमकं स्वयंपाकघराच्या वाटेवर. त्यात पायाचा अंगठा अडकून घरातले तिघेही पडून झाले होते. मग तिघांचे पाय शहाणे झाले. तिथे आलं की पाय आपोआप वर उचलला जाई आणि पलीकडे टेके. पाहुण्यांसाठी टीपॉय होता. भोकाबद्दल बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता. पण त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता.

कॉफीचा डाग राहिला. त्यातच अक्कांचा फोन आला की महिनाअखेरीस येते. माईंनी सांगितलं, आता घरचे उपाय पुरेत, जाणत्या माणसाला बोलवा. अण्णा दोन दिवस गालिचा ‘बाहेर’ द्यायला तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी गालिचेवाल्या बाई आल्या.

बाई अंगापिंडाने मजबूत, हात पाण्यात राहून पांढरे पडलेले, आणि मान ताठ. त्या गुडघ्यावर बसल्या, गालिच्याची लव बोटांनी दुभंगून मुळाशी पाहिलं, ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा पुसून रंग सुटतो का ते तपासलं आणि शेवटी चक्क वास घेतला. मग विचारलं, “कुठे फाटलंय, जळलंय, कसर लागलीय?”

“एकही दोष नाही,” अण्णा म्हणाले.

माईंनी टीपॉयकडे पाहिलं. बाईंनी माईंकडे पाहिलं. अण्णांनी घाईघाईने टीपॉय उचलला आणि त्याच बाजूने गालिचा स्वतःच्या हातांनी गुंडाळायला घेतला, म्हणजे भोक गुंडाळीच्या पोटात गेलं. जाताना बाई दारात थांबून म्हणाल्या की त्यांच्याकडून काहीही फाटकं बाहेर जात नाही, तशी त्यांची ख्यातीच आहे. अण्णांना ते ऐकायला बरं वाटलं. त्याचा अर्थ त्यांनी नीट लावला नाही.

अक्का ठरल्यापेक्षा लवकर आल्या. उघडी फरशी पाहून दारातच थबकल्या. गालिचा धुवायला दिलाय आणि आज तो आणायला जायचंय, हे कळल्यावर त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. “चल, मीही येते,” म्हणाल्या. माई आणि लेक आधीच निघालेल्या होत्या. अण्णांना वाटेत एकच काळजी होती: घरी आल्यावर, अक्कांच्या देखत गालिचा उलगडायच्या आधी टीपॉय जागेवर कसा न्यायचा.

बाईंचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबलचक शेड. एका बाजूला पाणी वाहून जाईल अशी उताराची फरशी, दुसऱ्या बाजूला दांड्यांवर वाळत घातलेले गालिचे आणि त्यांच्यावर वारा सोडणारे मोठे पंखे. मधे कोरड्या जागी एक गालिचा पसरला होता. त्याची जमीन सायीसारखी पांढुरकी, तीवर गडद निळ्या वेली, आणि कडेच्या पट्टीत लहान लहान लाल फुलं, आत्ताच उमलल्यासारखी.

“छान आहे,” अण्णा म्हणाले. “आमचा कुठाय?”

“हाच.”

“हा आमचा नाही.”

बाईंचा चेहरा बदलला. गिऱ्हाइकाचा माल बदलल्याचा आळ त्यांच्यावर आजवर आला नव्हता. त्या आत गेल्या आणि मातकट पिवळ्या, मऊ पिठासारख्या धुळीने अर्धी भरलेली एक बादली आणून अण्णांच्या पायाशी ठेवली. गालिचा उलटा करून झटकला तेव्हा एवढी निघाली, ओला करायच्या आधीच. “हाही तुमचाच माल,” त्या म्हणाल्या. “नेणार असाल तर बांधून देते.”

लेकीने वाकून ती धूळ चिमटीत घेतली. रंग अगदी मधाचा होता. तिने अण्णांकडे पाहिलं आणि शहाणपणाने चिमूट परत बादलीत सोडली.

अण्णा मात्र हटले नाहीत. धूळ काय, कुणाच्याही गालिच्यातून निघते; अशा वेलींचे गालिचेही पुष्कळ असतात. त्यांची खात्री रंगावर नव्हतीच. त्यांनी आल्या आल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून भोक शोधलं होतं आणि ते कुठेच नव्हतं. ज्याला भोक नाही तो त्यांचा गालिचा असूच शकत नव्हता. पण हा पुरावा मांडायचा कसा? ‘एकही दोष नाही’ हे त्यांचंच वाक्य, आणि अक्का हातभर अंतरावर. माई त्यांच्या कानाशी लागल्या, “अहो, सांगून टाका ना त्याचं.” अण्णांनी मान इतकी बारीक हलवली की ती फक्त बायकोलाच दिसावी.

बाईंचीही पंचाईत तशीच होती. भोक त्यांनी धुताना पाहिलं होतं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे बुजवून टाकलं होतं. ते दाखवलं की वाद मिटला असता. पण बुजवलेली जागा बोटाने दाखवायची म्हणजे ती दिसत नाही हा आपला अभिमान आपणच मोडायचा. शिवाय गिऱ्हाइकाने स्वतः नाही म्हटलेलं भोक चारचौघांत त्याच्यासमोर काढायचं कसं? तेव्हा एकाच भोकाच्या दोन बाजूंना दोन माणसं तोंड मिटून उभी राहिली.

“अंधारात काय बघता,” शेवटी बाई म्हणाल्या. “चपला काढा आणि पलीकडे चला. तिकडे उजेड आहे, रंग नीट दिसेल.”

अण्णा चपला काढून तावातावाने गालिच्यावरून चालत गेले. मधेच एका जागी त्यांचा उजवा पाय उंच उठला, पलीकडे टेकला, आणि ते पुढे गेले. त्यांच्यामागून माई निघाल्या. त्यांचाही पाय तिथेच उठला, थोडा कमी, कारण त्या घरात जास्त वेळा ये-जा करत. लेक हे पाहून जागीच थांबली. घरात असं झालं असतं तर ती सवय खोलीची म्हणता आली असती, भिंतींची, दाराची. पण इथे ना त्या भिंती होत्या ना ते दार. गालिचासुद्धा आडवा पसरलेला होता. पायांना ओळखीचं होतं ते फक्त खालचं. तिने ठरवलं, आपण मुद्दाम सरळ चालायचं. आईवडिलांचे पाय उठले होते त्या वेलीच्या वळणापाशी ती आली आणि तिचा पाय तिला न विचारता वर गेला.

“साहेब,” बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही आत्ता पाय का उचललात?”

“कधी?” अण्णा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

“आणि मी वळसा का घातला, ते कुणी विचारत नाही,” मागून अक्का म्हणाल्या.

सगळे वळले. अक्का गालिच्यावरच होत्या, पण सरळ आलेल्या नव्हत्या. त्याच जागेच्या भोवतीने, एखादी वस्तू मधे असावी तशा, कडेकडेने गेल्या होत्या.

“दर मुक्कामाला तो टीपॉय वाटेत उभा,” त्या म्हणाल्या. “नडग्या फुटल्या माझ्या. एकदा तू झोपलेला असताना सरकवला. खाली बघितलं आणि परत जागेवर ठेवला.”

अण्णा ओशाळले. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? इतक्या निगुतीनं लपवत होतास. म्हटलं, ज्याला भोकसुद्धा इतकं जपता येतं, तो गालिचा जपेलच.”

अण्णांनी खाली, त्या जागेकडे पाहिलं. मग ते बाईंकडे वळले आणि त्यांच्या घराण्यात प्रथमच तो शब्द मोठ्याने उच्चारला गेला. “भोक होतं. मीच पाडलेलं. ते गेलं कुठे?”

“कुठलं भोक?” बाई म्हणाल्या. “तुम्ही तर नाही म्हणालात.” पण त्यांचा चेहरा आता खुलला होता. विचारल्यावर मात्र त्यांनी सारं सांगितलं: जळक्या कडा काढून आधी उभे-आडवे धागे नव्याने कसे भरले, मग निळी आणि पांढुरकी लोकर जुन्या रंगाशी मिळती कशी शोधली, एकेक गाठ कशी घातली आणि शेवटी लव बाजूच्या उंचीला कशी कापली. न विचारता का केलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की विचारलंच होतं, उत्तर खोटं आलं.

अण्णा गुडघ्यावर बसले. तळव्याने चाचपलं, नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं, लेकीला कोपरा उलटायला लावला. काही सापडलं नाही. उठले तेव्हा त्यांची छाती येताना होती त्याहून फुगली होती. “आमचाच आहे,” त्यांनी अक्कांना असं सांगितलं, जणू इतका वेळ अक्काच नाही म्हणत होत्या.

गालिचा घरी आला. खाली नमद्याचं, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचं, अस्तर घालायला बाई स्वतः आल्या, कारण ते काम त्या दुसऱ्या कुणावर सोडत नसत. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ डोकावले आणि अण्णांना नवा विषय मिळाला. “मधाचा रंग सोडा हो, ती धूळ होती. खरी गंमत पुढे आहे. इथे भोक होतं. इथे. शोधून दाखवा.” शेजारी वाकले, हरले. अण्णा गालिचा आपण विणल्यासारखे हसले.

लेक मात्र बघत होती. अण्णांचं बोट खऱ्या जागेपासून चांगलं वीतभर बाजूला होतं. ती सांगणार, तोच बाईंनी तिचा हात दाबला.

“राहू दे,” त्या पुटपुटल्या. “मालकालाच सापडत नाही. याच्यावर अजून काय पाहिजे?”

त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की ते मोडणं लेकीच्या जिवावर आलं. इतक्यात माई कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि नेमक्या खऱ्या जागी पाय उचलून पुढे झाल्या. शेजाऱ्यांची नजर त्या पायावर गेली. “माई, तिथे काय आहे?” त्यांनी विचारलं.

बाई चटकन उठल्या. कोपऱ्यातला टीपॉय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी वाटेवर मधोमध, अगदी त्या जागेवर ठेवला आणि पदराने वरून पुसला.

“हा इथेच असू द्या,” त्या म्हणाल्या. “इथे शोभतो.”

अक्का पाणी प्यायला निघाल्या होत्या. त्यांनी टीपॉयकडे पाहिलं, एका हाताने नडगी चोळली आणि वळसा घातला.