तात्यांची थंडगार पेटी

"सांगतोय त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तीस दिवसांत माझ्या सर्व्हरनं एकदाही मान टाकली नाही!"

तात्यांनी टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा घाबरून बशीत उतरला. निकालाचा दिवस होता. ऑफिसच्या दारात गिऱ्हाइकं जमली होती आणि शेजारचा सलूनवालाही खांद्यावर टॉवेल टाकून येऊन उभा होता.

तात्यांची इंटरनेट कंपनी तीनशे घरांची. पहिली केबल टाकायला ते स्वतः खांबावर चढले होते. (खांब दरवर्षी पाच फुटांनी वाढत असे.) महिन्यापूर्वी जुना सर्व्हर बंद पडला आणि नव्यावर कुठली सिस्टिम घालायची यावरून सासरे-जावयांची जुंपली.

"बाबा, विकतची घेऊ," जावई म्हणाले. "बिघडली तर फोन करायला कुणीतरी असतं."

"फोन? ज्याला दुसऱ्याला फोन करावा लागतो, तो इंटरनेटवाला कसला, जावईबापू? फुकटातली लिनक्स घालायची! मी स्वतःच्या हातानं बसवीन!"

शेवटी मुलीनं निवाडा केला. कंपनीच्या कागदांवर सही तिचीच चाले. "दोघांच्या सर्व्हरच्या दोन पेट्या लावा. अर्धी वस्ती एकीवर, अर्धी दुसरीवर. एकीनं दम तोडला तर दुसरीनं आपोआप सगळा भार उचलायचा, म्हणजे गिऱ्हाइकांना कळणारही नाही. महिनाभर कुणी दुसऱ्याच्या पेटीत ढवळाढवळ करायची नाही. आणि बाबा, तुम्ही हरलात, तर सर्व्हरच्या खोलीची किल्ली यांच्याकडे. तुम्ही सल्लागार!"

सल्लागार! म्हणजे ज्याला चहा विचारतात, बाकी काही विचारत नाहीत! तात्यांनी किल्ली जानव्यासारखी गळ्यातच अडकवली आणि गरजले, "बघून घेईन!"

आणि बघा, काय चमत्कार! आठवड्याभरात जावयांची पेटी जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखी धापा टाकू लागली. पंखा असा घोंघावे की शेजारच्या खोलीत बोलायला ओरडावं लागे. जावयांनी पेटीचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला, तिच्या उशाशी बसून राहिले. उलट तात्यांची पेटी! ना आवाज, ना धग! येईल त्याचा हात धरून तात्या पेटीवर ठेवत.

"बघा! ताप नाही, खोकला नाही! माठासारखी थंड!"

"पण बाबा, हिचे दिवे का लागत नाहीत?"

"दिवे लावण्याचं काम तुमच्या पेटीकडे, जावईबापू! माझी मिरवत नाही. काम करते!"

जावई खाली मान घालून निघून गेले. सलूनवाला तेवढा खो खो हसला. तो सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत डोकावून जाई. तात्यांच्या पेटीचा मोठा भक्त, असाच सगळ्यांचा समज.

तर आज तिसावा दिवस, आणि तात्या रंगात आले होते. "वीज कडाडली, तारा तुटल्या, तीनशे घरं एकदम सिनेमा बघायला बसली! माझ्या पेटीनं कूस बदलली नाही! एक दिवस तर यांची पेटी बेशुद्ध पडली, तेव्हा सगळी वस्ती माझीनं एकटीनं खांद्यावर घेतली!"

"ते मला कळलंच नाही," जावई हळूच म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "हरलो, बाबा. मान्य. मग माझी पेटी बंदच करतो. सगळी वस्ती तुमच्यावर."

तात्यांचा हात मिशीवरच थांबला. "घाई कशाला? बिचारीला आजचा दिवस जगू दे की!"

"नाही बाबा," मुलगी उठली. "निकाल म्हणजे निकाल. आत्ताच होऊन जाऊ दे."

"अगं, पण निदान पंचांग..."

"बाबा, तुम्ही कधीपासून पंचांग बघायला लागलात?"

सगळी वरात सर्व्हरच्या खोलीत शिरली. तात्या दारात आडवे झाले, पण त्यांच्या काखेखालून जावई आत गेलेच. "मी घाबरतोय असं कुणाला वाटत असेल, तर खुशाल बंद करा!" तात्या छाती काढून ओरडले. "लिनक्स आहे ती! पिन नसली तरी चालेल!"

जावयांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात सलूनवाला गर्दी फोडून पुढे धावला.

"हात लावू नका, जावईबापू! माझ्या दुकानात गिऱ्हाइकं मॅच बघत बसलीयेत! आणि तात्यांची पेटी पहिल्या दिवसापासून बंद आहे हो! 'सुरूच होईना मेली, तू आपलं हिची पिन काढून तिथं केस कापायचं मशीन लाव चार्जिंगला, फक्त पोरीला बोलू नकोस,' असं तेच म्हणाले होते!"