आमचा वाघ अमर झाला त्याची गोष्ट

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीतल्या वाघाला मी एका रविवारी, दोन कप चहात अमर करून टाकलं. काही लोकांना जन्मतःच डोकं असतं, त्याला इलाज नाही!

हा वाघ म्हणजे आमच्या कबड्डी मंडळाचं चिन्ह. आमच्याच चाळीतला लवूदा गिरणी बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानेच चौऱ्याण्णव साली तो मंडळाच्या भिंतीवर काढला. सामन्याला निघताना आम्ही त्या वाघाच्या पाया पडायचो, आणि हरून आलो की मान खाली घालून त्याच्यासमोरून जायचो. काय दिवस होते! आठवलं की आजही माझे गुडघे शिवशिवतात. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि लवूदा रोज त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून गप्प बसायला लागला. मला ते बघवेना. मी वाघाचा फोटो काढून त्याचं एनएफटी केलं. एनएफटी म्हणजे चित्राचा इंटरनेटवरचा सातबारा. चित्र कुणीही बघावं, पण नोंद एकाच्याच नावावर, आणि एकदा केलेली नोंद पुसता येत नाही. नाव दिलं ‘जोगेश्वरीचा वाघ’ आणि विक्रीला ठेवलं.

महिन्याभरात नोटीस आली. एका फटाके कंपनीचा वाघ हा नोंदलेला ट्रेडमार्क होता, आणि आमचा वाघ म्हणे त्याची नक्कल. तो विक्रीतून काढा, माफी मागा, पुन्हा कुठेही वापरू नका! नव्या टॉवरमध्ये मंडळाच्या खोलीवर लवूदा तोच वाघ रंगवणार होता. माझ्या हुशारीने त्याचीही वाट लागली.

मी शेजारच्या नंदावहिनींच्या मुलीकडे, तेजलकडे धावलो. ती वकील आहे.

“काका, सातबारा केलात, पण जमीन कुणाची ते विचारलंत का?” ती म्हणाली.

चित्राचा हक्क चित्रकाराचा असतो, आणि मी लवूदाला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यातून त्यानेच कुठून उतरवलं असेल तर सगळंच संपलं. मी लवूदाकडे गेलो. वाघ कशावरून काढलास, एवढंच विचारलं. तो नुसता चष्मा पुसत राहिला, मग आठवत नाही म्हणाला. त्याचे ब्रश फटाक्यांच्या जुन्या खोक्यात होते. खोक्यावर त्याच कंपनीचा वाघ होता. मी तसाच तेजलकडे परतलो.

तेजलने दुसरा रस्ता काढला. आमचा वाघ त्यांच्या वाघासारखा दिसतच नाही, असं उत्तर तिने लिहिलं. त्यावर लवूदाची सही हवी होती, म्हणून ते त्याच्यासमोर, भरल्या मंडळात वाचायची पाळी माझ्यावर आली. कान लोंबते. शेपूट वर वळलेली. तोंड हसरं. पट्टे मागाहून आठवल्यासारखे. ‘कोणताही सुज्ञ ग्राहक या प्राण्यास वाघ समजणार नाही.’ शेवटचं वाक्य मी जवळजवळ गिळलंच. म्हातारा आता कोसळतो की काय, असं मला वाटलं.

लवूदाने शांतपणे सही केली.

“पोरगी हुशार हा,” तो म्हणाला. “तो वाघ नायच. तो आपलो मोत्यो.”

मोत्या! आमच्या चाळीचा कुत्रा. सामना रंगात आला की मैदानात घुसून पंचांचं धोतर ओढायचा. वाघ काढायला घेतला तेव्हा तो समोर बसला होता, आणि लवूदाचा हात त्याच्याकडेच वळला.

“तुमी पोरां पाया पडूक लागलास,” लवूदा म्हणाला. “मगे कसा सांगू?”

मोत्या गेला तेव्हा त्याला आम्ही त्याच भिंतीखाली पुरलं होतं. लवूदा रोज तिथे कुणाजवळ बसत होता, ते तेव्हा कळलं. पोट सुटलेले आम्ही सगळे जुने खेळाडू डोळे पुसत उभे होतो, आणि लवूदा हसत होता.

कंपनीने उत्तर वाचून नोटीस मागे घेतली. हा प्राणी वाघ नाही, हे आपल्याला मान्य असल्याचं त्यांनी लेखी कळवलं. नव्या खोलीवर लवूदाने मोत्याच रंगवलाय, या वेळी पट्ट्यांशिवाय.

इंटरनेटवरची नोंद मात्र पुसता येत नाही. त्यामुळे तिथे तो जगाच्या अंतापर्यंत ‘जोगेश्वरीचा वाघ’ आहे. गिऱ्हाईक अजून एकही फिरकलेलं नाही. काल सहज मोबाइलवर उघडून बघितला आणि जुन्या सवयीने त्याच्या पाया पडलो. बायकोने पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.