भोंगा दे, डायवर

कामशेतला चहा पिऊन निघाल्यापासून मी उस्मानभाऊंशी अखंड बोलत होतो. रस्त्याबद्दल, माझ्या रक्तदाबाबद्दल, थोडंफार माझ्या कर्तबगारीबद्दलही. वडगाव आलं तेव्हा विचारलं, "भाऊ, काच वर करू का?" उत्तर नाही. आरशात पाहिलं, तर मागच्या सीटवर नुसती त्यांची छत्री. आणि मोबाईल.

माणूस मी कामशेतलाच विसरलो होतो.

गाडी उलटी वळवली. भाऊ टपरीवर तिसरा चहा पीत होते. रागावले नाहीत. "गाडी पुढं ग्येली, इंजिन मागं ऱ्हायलं. मला सवय हाय," म्हणाले आणि पुन्हा मागच्याच सीटवर जाऊन बसले.

मोटारीत पुढे बसायचं नाही, हा आमच्या या लोणावळ्याच्या शेजाऱ्यांचा नेम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेत बँकर चालवला. बँकर म्हणजे घाटात गाडीच्या शेपटाला लागून तिला वर ढकलणारं इंजिन. कर्जतला लागायचं, लोणावळ्याला सुटायचं. मागून पुढचं काही दिसत नाही. पुढच्या इंजिनाने भोंगा दिला की आपण भोंग्याने उत्तर द्यायचं आणि रेटायचं. निवृत्त झाले तरी हे काही सुटलं नाही. चढावर माझी स्कूटर धापा टाकायला लागली की मागे बसलेले भाऊ दोन्ही पाय जमिनीला लावून रेटा देत. वर हुकूम, "भोंगा दे, डायवर. ढकलतो मी!"

मी डायवर कसला! पुण्याच्या पुढे गाडी कधी नेली नव्हती. आता निघालो होतो थेट नागपूरला, लेकीकडे. मृदुलाने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, त्या दिवशी मी पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिलो. ती पोटदुखी दोन वर्षं टिकली. आता तिला मुलगी झाली. बायको बाळंतपणासाठी आधीच तिकडे गेलेली. बारशाचा निरोप तिनेच धाडला, "यायचं तर या."

एकटा असतो तर सोमाटणे फाट्यावरूनच परत फिरलो असतो. हे भाऊंना न सांगता कळलं असावं. निघायच्या दिवशी सकाळी छत्री घेऊन दारात हजर!

शिरूरजवळ मला घरचा गॅस चालू राहिल्याची शंका आली. "म्या बंद क्येला," मागून आवाज. नगरच्या पुढे डोकं दुखायला लागलं. मागून गोळी आली. शेवटी खरं तेच बोललो, "भाऊ, तिला मी यायला नको असेन तर?"

भाऊ सीटवर पुढे सरकले. मग, "चढ हाय. भोंगा दे."

रस्ता ताटासारखा सपाट होता. तरी दिला. मागून भाऊंनी तोंडानेच उत्तर दिलं, "पोंऽऽ!" शेजारचा ट्रकवाला वाकून आमच्याकडे बघत राहिला.

रात्री जालन्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी लेकीच्या फाटकासमोर गाडी उभी केली आणि माझे हात स्टिअरिंग सोडेनात.

"भाऊ, परत जाऊ."

"चढ संपत आला," ते हळूच म्हणाले. "योकच भोंगा."

दिला. दार उघडलं. मृदुला बाळ घेऊन फाटकापर्यंत आली. मी उतरलो. तिने काही न विचारता बाळ माझ्या हातात दिलं.

"मान नीट धरा, बाबा."

दोन वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य. पुढचा अर्धा तास कसा गेला, मला सांगता येणार नाही. बायकोने विचारलं, "एकटेच आलात?" तेव्हा कुठे भाऊ आठवले. दुसऱ्यांदा विसरलो होतो!

पळत बाहेर आलो. भाऊ मागच्या सीटवर, काच खाली करून घराकडे बघत बसले होते.

"आत का नाही आलात?"

"चढ संपला की आमाला सोडायचे, अन् गाडी निघून जायाची. ती कुटं पोचली, कोन घ्यायला आलं, कवा बघाय मिळालंच न्हाई." छत्रीच्या मुठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आज बगितलं. लय झालं."

आभाराचं एक वाक्य मी जालन्यापासून जुळवत आणलं होतं. त्याऐवजी मी गाडीची काच पुसायला लागलो. बायको माझ्या मागोमाग आली होती. तिने मला बाजूला सारून गाडीचं दार उघडलं.

"भाऊ, उतरा बघू," ती म्हणाली. "पाळणा खोळंबलाय. ढकलायची सवय असलेला तुमच्यासारखा माणूस आमच्यात आहे कोण?"