मंजूर चालू घडामोडी

रेल्वेत कंदील वाटणाऱ्या कारकुनाला जगाचं ज्ञान असावं, असं एकदा कुणा वरिष्ठाच्या मनात आलं आणि दुर्दैवानं ते अमलातही आलं. तेव्हापासून झाशीच्या कंदील शाखेत हेडक्लार्क व्हायचं तर ‘चालू घडामोडी व जगाचे सामान्य ज्ञान’ या विषयाची तोंडी परीक्षा द्यावी लागे. कंदिलात तेल किती घालावं, वात किती कापावी, हे कुणी विचारत नसे. ते सगळ्यांनाच येत होतं, आणि सगळ्यांना येतं ते विचारलं तर परीक्षा घेतल्यासारखी वाटत नाही.

या परीक्षेत जनार्दन टेंबे दोनदा आपटला होता. नियम असा, की तिसऱ्यांदा आपटणाऱ्याची बदली इटारसीपलीकडच्या एका आडस्टेशनावर, आणि झाशीचं क्वार्टर खाली. क्वार्टरात जनार्दनचे वडील अनंतराव, म्हणजे रिटायर झालेले गार्ड, बायको इंदुमती, आणि ऐन मॅट्रिकच्या वर्षातली मुलगी विद्या. त्या आडस्टेशनावर शाळा म्हणाल तर एक झाड होतं. तेव्हा १९७३च्या त्या हिवाळ्यात टेंब्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता.

“अहो, या खेपेला पास व्हाच,” इंदुमती म्हणाली. “पोरीचं वर्ष बुडेल हो.”

“मी काय मुद्दाम नापास होतो?”

नव्हता होत बिचारा. उलट अभ्यास जास्त व्हायचा, तेच नडलं. अनंतरावांची पंजाब मेलच्या गार्डांशी जुनी दोस्ती. त्यामुळे मुंबईचं मराठी वर्तमानपत्र झाशीत सर्वांत आधी टेंब्यांच्या घरी उतरायचं. जनार्दन ते जाहिरातींसकट वाचायचा. पहिल्या परीक्षेत त्याला विचारलं, चंद्रावर माणूस गेला आहे काय? यानं छाती काढून सांगितलं, गेला आहे, परतही आला आहे. चूक! दुसऱ्या खेपेला विचारलं, भारताच्या दक्षिणेला कोणता देश? म्हणाला श्रीलंका. पूर्वेला? म्हणाला बांगलादेश. दोन्ही चूक. जनार्दन घरी आला तो तोंडात मारल्यासारखा.

परीक्षा घेणारे पटैरियाजी हे अत्यंत सरळ गृहस्थ. जनार्दन त्यांच्याकडे भांडायला गेला तेव्हा त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, आणि समजावलं.

“देखो जनार्दन भैया, गया होगा आदमी चाँद पर. हमें क्या ऐतराज है? पर हमारे दफ्तर में इसकी सूचना नहीं आई.”

“पटैरियाजी, साऱ्या दुनियेत पेढे वाटले गेले!”

“हओ,” पटैरियाजींनी बुंदेलीत होकार भरला. “दुनिया हमारे अधीन थोड़े ही है.”

मग त्यांनी नियम सांगितला. घडामोड घडली म्हणून ती चालू होत नाही. आधी तिचा प्रस्ताव जातो, त्यावर शेरे येतात, मग विभागप्रमुखांची सही होते. सही झाली की घडामोड मंजूर, आणि मंजूर झाली की चालू. शेवटची मंजुरी अडुसष्टच्या जानेवारीत मिळाली होती. त्यानंतर जगात जे जे झालं ते सगळं विचाराधीन होतं.

जनार्दननं कपाळाला हात लावला आणि तडक दतिया गेटला बापूरावांचं घर गाठलं. बापूराव कंदील शाखेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. ही परीक्षा पहिल्या फटक्यात, पैकीच्या पैकी मार्कांनी पास होणारा आजवरचा एकच माणूस. त्यांनी आयुष्यात वर्तमानपत्र उघडलं होतं ते फक्त फरसाण खाताना.

“जनार्दना, तुझं दुखणं साधं आहे,” बापूराव सुपारी कातरत म्हणाले. “तुला येतंय जास्त. आता शिकायचं बंद कर नि विसरायला लाग.”

“विसरायचं कसं हो?”

“घरातून सुरुवात कर. बायकांच्या तोंडातून जग घरात येतं, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडातून तर धो धो येतं.”

झालं! टेंब्यांच्या घरी अडुसष्ट साल बसवण्यात आलं. वर्तमानपत्र बंद. रेडिओवर गोधडी. इंदुमतीला साखरेचा भाव सांगायची बंदी, कारण साखरेचा भाव ही सर्वांत चालू घडामोड. तिनं दोन दिवस दात-ओठ खाल्ले आणि मग बिनसाखरेचा चहा देऊन सूड घेतला. विद्या दाराशी पहाऱ्याला. सदर बाजारातून कुणी गप्पा मारायला आलं की ती आधी विचारायची, “काका, अडुसष्टच्या आतलं बोलणार की नंतरचं? नंतरचं असेल तर आजोबांशी बोला, ते बाहेर बसलेत.”

अनंतरावांची मात्र दैना झाली. त्यांच्या पोटात बातमी राहत नसे. ते स्टेशनावर जाऊन पेपर वाचून यायचे आणि जेवताना घास तोंडात तसाच ठेवून बसायचे. एकदा राहवेना. “इंदू, ते म्हैसूर राज्य आहे ना, त्याचं नाव आता...” एवढं म्हणाले तोच इंदुमतीनं त्यांच्या ताटात गरम वरणाचा डाव असा काही ओतला, की म्हातारा हां हां करत मागे सरला आणि कर्नाटक राज्य पोटातच राहिलं.

जनार्दन मनापासून विसरत गेला. पहिल्या आठवड्यात चंद्र गेला, दुसऱ्यात बांगलादेश. गुण येतोय हे पाहून त्यानं पथ्य आणखी कडक केलं. एके सकाळी तो विद्याला म्हणाला, “बाळ, चौथीत ना ग तू?”

विद्यानं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनी खुणावलं. पाच फूट दोन इंच उंचीची ती पोर मान खाली घालून म्हणाली, “हो बाबा, चौथीत.” आणि आत जाऊन मॅट्रिकचं बीजगणित उघडून रडली. तिला बाबांचा राग आला होता आणि कीवही येत होती. पण क्वार्टर सोडून जायची भीती दोन्हींहून मोठी होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. आता गंमत अशी, की दोन महिन्यांपूर्वी विभागाला नवे प्रमुख आले होते. मुंबईचे, मराठी, हुशार आणि हौशी. ते म्हणाले, यंदा परीक्षेला मी स्वतः बसणार. पटैरियाजी उत्तरांचा मंजूर कागद घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

चंद्रावर माणूस? नाही. दक्षिणेला? सिलोन. पूर्वेला? पूर्व पाकिस्तान. जनार्दन असा सुटला होता, की नव्या साहेबांची भुवई हळूहळू कपाळाच्या वर निघाली. पटैरियाजी मात्र प्रत्येक उत्तराला “हओ” म्हणत खूण करत होते. साहेबांना वाटलं, माणूस घाबरलाय, एखादा सोपा प्रश्न विचारावा. त्यांनी हसून विचारलं, “बरं, या विभागाचे प्रमुख कोण?”

पटैरियाजींचा पेन थांबला. समोर साहेब बसलेले. पाठीमागच्या पाटीवर साहेबांचं नाव. पण अडुसष्ट साली प्रमुख होते यज्ञेश्वर साहेब, जे केव्हाच रिटायर होऊन नाशकात गुलाब लावत होते. जनार्दनच्या डोळ्यांपुढे ते इटारसीपलीकडचं झाड आलं.

“श्री. यज्ञेश्वर पिंपळखरे,” तो म्हणाला.

“काय?” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “मग मी कोण?”

“साहेब,” जनार्दन अत्यंत नम्रपणे म्हणाला, “आपण विचाराधीन आहात.”

“उत्तर सही है, साहब,” पटैरियाजी म्हणाले.

साहेबांचा संताप काय वर्णावा! त्यांनी तो मंजूर कागद ओढून घेतला. आपण अस्तित्वात नाही हे आपल्याच कार्यालयाच्या शिक्क्याखाली वाचलं आणि गरजले, “आत्ताच्या आत्ता दुरुस्ती आणा. मी सही करतो.”

“जरूर, साहब. पर दुरुस्ती पर विभागप्रमुख की सही लगती है.”

“मी आहे की!”

“वही तो दुरुस्त होना है, साहब.”

साहेबांनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. डिसेंबरात पंखा का चालू होता कुणास ठाऊक. बहुधा तोही बंद करायची मंजुरी यायची होती. शेवटी दुरुस्तीचा कागद सहीसाठी नाशकाला रवाना झाला. तिकडून यज्ञेश्वर साहेबांनी कळवलं की मी रिटायर झालो आहे. पटैरियाजींनी आदरानं उलट कळवलं की तशी सूचना कार्यालयात नाही. पिंपळखरे साहेबांना मग तीन वर्षं गुलाबांपेक्षा जास्त कागद आले.

जनार्दन मात्र पास झाला. पैकीच्या पैकी! निकालपत्रावर नव्या साहेबांनी मुकाट्यानं सही केली, परीक्षक या नात्यानं. तेवढे ते होते. बापूराव स्वतः काठी टेकत पेढे खायला आले. रेडिओवरची गोधडी निघाली, चहात साखर पडली, आणि अनंतराव पाच आठवड्यांच्या बातम्या सलग दोन तास सांगून मगच जेवायला उठले. जनार्दन “असं का? खरंच?” म्हणत ऐकत होता आणि कुणालाही कळेना की तो नाटक करतोय की नाही.

सगळे पांगल्यावर विद्या भूगोलाचं पुस्तक घेऊन आली.

“बाबा, आमच्या पुस्तकात अजून म्हैसूर राज्यच आहे. बाई म्हणतात, तपासणारे पुस्तकावरूनच तपासतात. मी मॅट्रिकला काय लिहू?”

“तुला खरं ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग झालं की. खरं डोक्यात ठेव आणि पेपरात पुस्तकातलं लिही.”

“म्हणजे मी पण तुमच्यासारखंच करू?”

जनार्दनला लाज वाटली. खरोखर वाटली, त्यानं मान फिरवली. मग हळूच म्हणाला, “मार्क महत्त्वाचे, बाळ.”

कंदील शाखा पुढे बंद झाली. कंदीलच राहिले नाहीत. तेव्हा आपण मोकळेपणी हसू शकतो. हसा, हसायलाच सांगितली ही गोष्ट. फक्त हसून झालं की पलीकडच्या खोलीत जाऊन बघा. तिथं तुमचं लेकरू परीक्षेच्या अभ्यासाला बसलंय. पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे हे त्यानं परवाच तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही त्याला काय सांगितलंत, तेवढं आठवतंय ना?