कानात कापूस आणि पायाखाली वूफर

होम थिएटर घ्यायला निघालेला माणूस दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून दुकानात शिरतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. त्याच्या शेजारी उभी राहून दुकानदारांच्या नजराही झेलल्यात.

हे आमचे गजूकाका. पेणला रामवाडीत त्यांची आमची भिंत एक. जन्मभर पेण-रोहा एस.टी. चालवली, रिटायर झाले तरी स्टेअरिंग काही सुटलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, ‘पिकअप हाय’ आणि ‘पिकअप नाय’. जावई, मिक्सर, सरकार, सगळ्यांचा निकाल याच मापानं.

मला बरोबर न्यायचे, कारण म्हणे मला त्यातलं कळतं. कळतंय माझं कपाळ! मी एकदा टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार घेतला होता, एवढंच. सेल्समन बिचारा जीव तोडून सांगायचा, पुढचे स्पीकर, मागचे स्पीकर, सिनेमातला पाऊस थेट डोक्यावर पडल्यासारखा वाटतो वगैरे. काका एक अक्षर ऐकू न येता मान डोलवायचे. मग चपला काढून वूफरपाशी, म्हणजे त्या धमधमणाऱ्या खोक्यापाशी, अनवाणी उभे राहायचे, डोळे मिटून. आणि कापसामुळे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडायचे, “पिकअप नाय!”

पेणमधली दुकानं संपली, तेव्हा आम्ही रोह्याची एस.टी. धरली. अर्ध्या वाटेपर्यंत काकांनी ड्रायव्हरच्या गियरला नावं ठेवली. शेवटी मी वैतागून त्यांच्या कानातला एक बोळा उपटला आणि म्हटलं, लोक हसतात हो काका, हा काय प्रकार लावलाय?

“तुझ्या काकूला असंच ऐकू येतं,” काका म्हणाले.

वनिताकाकूंचे कान गेलेत, हे मला ठाऊक होतं. कानाचं मशीन आणलं, तर त्यात नुसती घरघर म्हणून त्यांनी डबीत घालून ठेवलं. आधी दोघं रोज संध्याकाळी सिरियल बघायचे. काका आवाज फुल्ल करायचे आणि काकू ओरडायच्या, “आवाज कमी करा, शेजारी काय म्हणतील!” सिरियलपेक्षा हेच आम्हाला जास्त ऐकू यायचं. आता टीव्ही लागला की काकू मुकाट उठून स्वयंपाकघरात जातात.

“एकट्यानं बघवत नाय गो,” काका म्हणाले. “इंजिन काय कानानं ऐकतात? पायाला कळतं. तिलापण कळंल.”

आणि नाही कळलं तर, असं मी विचारलं. काकांनी बोळा परत कानात घातला.

रोह्याच्या दुकानात पिकअप सापडला. फिटिंगवाला सांगून थकला, पण काकांनी वूफर टीव्हीजवळ न ठेवता काकूंच्या खुर्चीखाली सरकवला. मग काकूंना स्वयंपाकघरातून तशाच ओल्या हातांनिशी ओढून आणलं, बसवलं, आणि टीव्हीवर कुठलंसं ढोलाचं गाणं लावलं. काकू कपाळाला आठ्या घालून बसल्या. काका टीव्ही बघतच नव्हते. त्यांची नजर काकूंच्या पावलांवर. माझाही जीव टांगणीला लागला होता.

बराच वेळ काही नाही. मग लादीवर काकूंचा अंगठा हलला. ठेक्यात हलला. त्यांनी खाली पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि जोरात म्हणाल्या, “आवाज कमी करा. शेजारी काय म्हणतील!”

काकांनी उभ्या जन्मात काकूंचं हे ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही आवाज कमी केला नाही. कानातला कापूस काढून त्यानंच डोळे पुसले.

आता रोज संध्याकाळी आमची भिंत थरथरते, फळीवरच्या ताटल्या वाजतात. शेजारीण मीच. अजून तरी काही म्हटलेलं नाही.